ब्रिटनमध्ये नोकरी बदलताना: टॅक्स कोड कसा वाचायचा आणि चुकला तर कसा दुरुस्त करून घ्यायचा

नव्या नोकरीचा पहिला पगार जमा होतो आणि आकडा मनातल्या हिशोबापेक्षा दोन-चारशे पाउंडांनी कमी निघतो. मग मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी पेस्लिपचा फोटो टाकतं: "बीआर म्हणजे काय हो?" उत्तरं भराभर येतात आणि बहुतेकांचा सूर एकच असतो, "टेन्शन घेऊ नका, आपोआप परत मिळतं." परत मिळतं हे खरं. आपोआप आणि लगेच मिळेल याची मात्र खात्री नाही. शिवाय उलटा प्रकारही घडतो, पण त्याबद्दल ग्रुपवर कुणी विचारत नाही, कारण तेव्हा पगार जास्त आलेला असतो! पहिले दोन महिने टॅक्स कापलाच जात नाही, माणूस खूश असतो, आणि पुढच्या वर्षी एचएमआरसीचं, म्हणजे इथल्या कर खात्याचं, वसुलीचं पत्र येतं.

मी इथे पेरोलच्या, म्हणजे पगार काढायच्या कामात आहे, त्यामुळे हे दोन्ही प्रकार सतत समोर येतात. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा नोकरी सुरू होतानाच्या आठवड्यातच असतं. एक कागद वेळेवर दिलेला नसतो, नाहीतर एका फॉर्मवर घाईत चुकीची खूण केलेली असते.

कोड ठरवतं कोण?

भारतात नोकरी केलेल्या माणसाच्या डोक्यात टीडीएसची पद्धत पक्की बसलेली असते. कंपनी आपल्याकडून गुंतवणुकीची माहिती घेते, जानेवारीत पुरावे मागते, वर्षाचा टॅक्स स्वतः काढते आणि महिन्याला कापते. शेवटी रिटर्न भरताना सगळा हिशोब जुळतो. ब्रिटनमध्ये बहुसंख्य नोकरदार आयुष्यात कधी रिटर्न भरत नाहीत. पगारातून टॅक्स कापायची इथली पद्धत, म्हणजे पीएवायई, १९४४ पासून चालत आली आहे आणि तिचा सगळा डोलारा टॅक्स कोडवर, म्हणजे पगारातला किती भाग टॅक्समुक्त आणि बाकीच्यावर टॅक्स कसा कापायचा हे सांगणाऱ्या आकड्या-अक्षरांच्या खुणेवर उभा आहे.

हा कोड एचएमआरसी ठरवतं आणि कंपनीला कळवतं. कंपनीचा पेरोल विभाग तो सॉफ्टवेअरमध्ये टाकतो. तुमची दुसरी नोकरी आहे का, घरभाडं येतं का, जोडीदार कमावतो का, यातलं पेरोलला काहीच माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. कोड चुकलाय हे त्यांना दिसत असलं तरी तो मनाने बदलायचा अधिकार त्यांना नाही. तरीही लोक एचआरला तीन-तीन मेल पाठवत बसतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पेरोलकडे दोनच गोष्टींसाठी जायचं: सुरुवातीचे कागद द्यायला आणि त्यांनी काय नोंदवलंय ते विचारायला. बाकी सगळं एचएमआरसीशी.

आकडा आणि अक्षर

सगळ्यात जास्त दिसणारा कोड म्हणजे १२५७एल. वर्षाला १२,५७० पाउंडांपर्यंतच्या कमाईवर टॅक्स नाही. या रकमेला पर्सनल अलाउन्स म्हणतात. शेवटचा शून्य काढला की १२५७. हा आकडा एप्रिल २०२१ पासून तिथेच गोठलेला आहे, म्हणून गेली काही वर्षं कोडही तोच आहे. 'एल' म्हणजे नेहमीचा अलाउन्स. महिन्याला मोजायचं तर साधारण १,०४७ पाउंड ५० पेन्स टॅक्समुक्त. त्यावरच्या कमाईवर एकूण ५०,२७० पाउंडांपर्यंत २० टक्के, पुढे ४० टक्के आणि १,२५,१४० च्या वर ४५ टक्के.

कमाई एक लाख पाउंडांच्या पुढे गेली की अलाउन्स आटायला लागतो: वरच्या दर दोन पाउंडांमागे एक पाउंड कमी. १,२५,१४० ला तो शून्य होतो. लंडनमधल्या बँकांत आणि कन्सल्टिंगमध्ये असलेल्यांनी नोकरी बदलताना जॉइनिंग बोनस धरून हा हिशोब करावा.

आकडा १२५७ पेक्षा वेगळा असेल तर घाबरायचं कारण नाही, पण कारण शोधायचं. रुग्णालयातल्या नर्सने गणवेश घरी धुण्याबद्दलची ठरावीक सवलत मागितली, तर तिच्या अलाउन्समध्ये १२५ पाउंडांची भर पडते आणि कोड १२६९एल होतो. उलट कंपनीने ८०० पाउंडांचा खाजगी आरोग्य विमा दिला, तर तो फायदा कमाईत धरला जातो, अलाउन्स ११,७७० होतो आणि कोड ११७७एल. नवराबायकोंपैकी एकाची कमाई १२,५७० च्या आत असेल आणि दुसरा २० टक्क्यांच्या पट्ट्यात असेल, तर पहिला आपल्या अलाउन्समधले १,२६० पाउंड दुसऱ्याला देऊ शकतो. घेणाऱ्याचा कोड १३८३एम, देणाऱ्याचा ११३१एन, आणि वर्षाला २५२ पाउंडांपर्यंत बचत. डिपेंडंट व्हिसावर आलेला जोडीदार अजून नोकरी शोधत असेल तर हे जरूर बघा. आपल्याकडचे बरेच जण हे पैसे नुसते सोडून देतात.

नोकरी बदलताना भेटणारे खरे उपद्रवी कोड दोन.

पहिला बीआर. याचा अर्थ या नोकरीत अलाउन्स अजिबात नाही, पहिल्या पेनीपासून २० टक्के. दुसरी नोकरी असेल तर हा कोड योग्यच आहे. मुख्य नोकरी रुग्णालयात आणि शनिवार-रविवारी दुसऱ्या रुग्णालयात बदली कर्मचाऱ्याची शिफ्ट (तिला इथे बँक शिफ्ट म्हणतात), अशा वेळी अलाउन्स मुख्य नोकरीत वापरला गेलेला असतो, म्हणून दुसरीकडे बीआर लागतो. त्यात कुणाचं काही चुकलेलं नाही. पण एकुलत्या एका नोकरीवर बीआर दिसला तर बहुधा एचएमआरसीच्या लेखी तुमची जुनी नोकरी अजून चालूच आहे.

दुसरा ०टी. पेस्लिपवर पहिलं चिन्ह शून्य आहे की इंग्रजी 'ओ' हे कळत नाही, त्यामुळे पुष्कळ जण हा ओव्हरटाइम समजून सोडून देतात. तो 'झिरो टी' आहे: अलाउन्स शून्य, आणि बीआरसारखे सरसकट २० टक्के नव्हे, तर पट्ट्यांप्रमाणे २०, ४०, ४५. पेरोलला तुमच्याबद्दल काहीच कागद मिळाले नाहीत की हा कोड लागतो.

फरक किती पडतो ते बघा. महिन्याचा करपात्र पगार ४,००० पाउंड धरू. १२५७एलवर टॅक्स साधारण ५९० पाउंड. बीआरवर ८००. ०टीवर महिन्याच्या हिशोबाने जवळपास ९७२, कारण ३,१४२ पाउंडांच्या वरचा भाग ४० टक्क्यांत जातो. एक फॉर्म न दिल्याबद्दल एका महिन्याला ३८० पाउंडांचा फरक.

बाकीची अक्षरं थोडक्यात. डी० म्हणजे सगळ्यावर ४० टक्के, डी१ म्हणजे सगळ्यावर ४५. दोन्ही दुसऱ्या नोकरीवर लागतात. एनटी म्हणजे टॅक्स कापायचा नाही. 'के' आकड्याच्या आधी येतो आणि अलाउन्स उणे झाल्याचं सांगतो, म्हणजे कंपनीची गाडी वगैरे फायदे किंवा जुनी थकबाकी अलाउन्सपेक्षा जास्त झाली. 'टी' असला तर तुमच्या अलाउन्समध्ये एचएमआरसीने काही वेगळं गणित घातलेलं आहे. कोडच्या आधी 'एस' म्हणजे तुम्ही स्कॉटलंडचे करदाते आणि 'सी' म्हणजे वेल्सचे. हे राहत्या घरावरून ठरतं, ऑफिस कुठे आहे यावरून नाही. स्कॉटलंडचे पट्टे आणि दर वेगळे आहेत, त्यामुळे नोकरीबरोबर एडिनबराहून मँचेस्टरला घर हलवलं तर पत्ता एचएमआरसीला कळवा. कंपनीला कळवणं पुरत नाही.

शेपटी: डब्ल्यू१, एम१, एक्स

१२५७एलच्या पुढे एम१, डब्ल्यू१ किंवा एक्स असेल तर तो इमर्जन्सी कोड. कोडचा आकडा बरोबर असूनही पैसे चुकतात ते या शेपटीमुळे, म्हणून इथे जरा थांबू.

इथलं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. साधा १२५७एल किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा चालतो: दर महिन्याला ६ एप्रिलपासूनची एकूण कमाई, एकूण अलाउन्स आणि एकूण टॅक्स नव्याने मांडायचा, आणि आधी भरलेलं वजा करून उरलेलं या महिन्यात कापायचं. एखादा महिना कमाई नसली तर त्या महिन्याचा अलाउन्स पुढे शिल्लक राहतो. एम१ लागला की ही वही बंद. दर महिना स्वतंत्र, मागचं काही धरायचं नाही.

समजा एक जण एप्रिल ते जुलै ३,२०० पाउंड महिना पगारावर होता. चार महिन्यांची कमाई १२,८००, कापलेला टॅक्स १,७२२. नोकरी सोडून तो गणपतीला गावी गेला, ऑगस्ट-सप्टेंबर कमाई नाही. ऑक्टोबरात ४,००० वर नवी नोकरी. वही चालू असेल तर ऑक्टोबरअखेर एकूण कमाई १६,८००. सात महिन्यांचा अलाउन्स ७,३३२.५०, उरलेल्या ९,४६७.५० वर २० टक्के म्हणजे १,८९३.५०. यातले १,७२२ आधीच भरलेत. म्हणून ऑक्टोबरचा टॅक्स फक्त १७१.५०. एम१ लागला असेल तर तोच टॅक्स ५९०.५०. मधले ४१९ पाउंड एचएमआरसीकडे अडकून राहतात. पगारात मध्ये खंड पडला नसेल आणि कमाई एकाच पट्ट्यात असेल, तर एम१मुळे जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणून एकाच ऑफिसात दोन मित्रांना एकच शेपटी लागते, एकाचं नुकसान होतं आणि दुसरा म्हणतो, मला तर काहीच झालं नाही.

आता पायऱ्या.

पायरी १: जुनी नोकरी सोडताना पी४५ घ्या

नोकरी सुटली की कंपनीने पी४५ नावाचा दाखला द्यायलाच हवा, तसा कायदा आहे. त्यावर चार गोष्टी असतात आणि चारही तपासायच्या: शेवटची तारीख, टॅक्स कोड, ६ एप्रिलपासूनची कमाई आणि ६ एप्रिलपासून कापलेला टॅक्स. शेवटच्या पेस्लिपवरच्या 'टू डेट' आकड्यांशी ते जुळले पाहिजेत. भाग १ए तुमच्याकडे ठेवायचा, भाग २ आणि ३ नव्या कंपनीला द्यायचे. कुणाला देण्याआधी सगळ्याचा स्कॅन करून ठेवा, कारण पी४५ची दुसरी प्रत मिळत नाही. जुन्या पेस्लिपा कंपनीच्या पोर्टलवर असतील तर लॉगिन बंद व्हायच्या आत उतरवून घ्या. नोटीस पिरियडच्या शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत करायच्या गडबडीत हे हमखास राहतं.

पी४५ निघाल्यानंतर जुन्या कंपनीकडून उरलेल्या रजांचे पैसे किंवा बोनस आला, तर त्यावर ०टी एम१ ने टॅक्स कापला जातो. नियमच तसा आहे, त्यासाठी जुन्या कंपनीशी भांडू नका. जास्त कापलेलं पुढे जुळवता येतं.

पायरी २: नव्या कंपनीला पी४५ द्या, नसेल तर स्टार्टर चेकलिस्ट भरा

कोणत्या तारखेपर्यंत कागद दिले तर पहिल्या पगारात धरले जातील, हे जॉइन होतानाच विचारा. पुष्कळ ठिकाणी पेरोल महिन्याच्या मध्यावर बंद होतो. २० तारखेला दिलेला पी४५ २८ तारखेच्या पगारात धरला जाईलच असं नाही.

पी४५ वेळेत मिळाला नाही तर स्टार्टर चेकलिस्ट नावाचा फॉर्म भरायचा. जुने लोक अजून याला पी४६ म्हणतात. तो फॉर्म २०१३ मध्येच गेला. चेकलिस्टवर ए, बी, सी अशी तीन विधानं असतात आणि त्यातलं एक निवडायचं असतं. सगळी मेख इथे आहे.

ए: ६ एप्रिलपासूनची ही माझी पहिलीच नोकरी आणि या काळात करपात्र सरकारी भत्ता किंवा पेन्शनही मिळालेली नाही. यावर १२५७एल लागतो, वही चालू.

बी: ६ एप्रिलनंतर दुसरी नोकरी होती, आता फक्त ही आहे. यावर १२५७एल एम१.

सी: ही नोकरी सोडून दुसरी नोकरी किंवा पेन्शन चालू आहे. यावर बीआर.

फॉर्म दिलाच नाही, तर ०टी एम१.

नोकरी बदलणाऱ्या आणि हाताशी पी४५ नसलेल्या माणसाचं उत्तर जवळजवळ नेहमी बी असतं. पण 'ए दिलं की टॅक्स कमी कापतात' असा सल्ला कुणीतरी देतंच. खरंच कमी कापतात! एप्रिल ते सप्टेंबर एका ठिकाणी काम करून ऑक्टोबरात ४,००० वर दुसरीकडे लागलात आणि ए वर खूण केलीत, तर नव्या पेरोलला वाटतं की सहा महिने तुम्ही बसून होतात. सात महिन्यांचा ७,३३२ पाउंडांचा अलाउन्स तुमच्या नावावर पडलेला दिसतो, त्यामुळे ऑक्टोबरात टॅक्स शून्य, नोव्हेंबरातही शून्य. वस्तुतः पहिले सहा महिने जुन्या नोकरीत अलाउन्स वापरून झालेला असतो, म्हणजे ६,२८५ पाउंडांचा अलाउन्स दोनदा घेतला गेला आणि १,२५७ पाउंड टॅक्स कमी भरला गेला. ही तीन हजारांच्या आतली थकबाकी एचएमआरसी सहसा पुढच्या कोडमधून वसूल करतं: १२५७ च्या जागी ६२८, आणि वर्षभर महिन्याला शंभरेक पाउंड जास्त कापले जातात. भारतात मधेच नोकरी बदलून नव्या कंपनीला जुना पगार न सांगणाऱ्यांना रिटर्न भरताना जो झटका बसतो, तोच हा.

सी ची चूक बहुतेक वेळा प्रामाणिकपणातून होते. जुन्या कंपनीचा शेवटचा पगार अजून यायचाय, म्हणून 'दुसरी नोकरी चालू आहे' असं लोक लिहून मोकळे होतात. नोकरीची शेवटची तारीख उलटली असेल तर ती नोकरी संपली, पैसे मागाहून येऊ देत. उत्तर बी.

याच फॉर्मवर स्टुडंट लोनबद्दल विचारतात. तो प्रश्न ब्रिटनच्या सरकारी शैक्षणिक कर्जाचा आहे. पुण्याच्या बँकेतून घेतलेलं एज्युकेशन लोन त्यात येत नाही. तिथे हो म्हटलंत तर पगारातून नसलेल्या कर्जाचे हप्ते सुरू होतील.

भारतातून थेट आलेल्यांसाठी

इथली ही पहिलीच नोकरी असेल तर पी४५ नसणार हे उघड आहे. भारतातली नोकरी पीएवायईच्या बाहेरची, त्यामुळे साधारणपणे उत्तर ए. गंमत अशी की सप्टेंबरात उतरलात तरी इथले रहिवासी करदाते म्हणून वर्षाचा अलाउन्स पूर्ण मिळतो. महिना ३,५०० वर सप्टेंबरअखेर पहिला पगार झाला तर तोवर सहा महिन्यांचा ६,२८५ पाउंडांचा अलाउन्स जमलेला असतो. पहिल्या महिन्यात टॅक्स नाही, दुसऱ्यातही नाही, तिसऱ्यात साधारण ४२४, आणि चौथ्यापासून नेहमीचे ४९० च्या आसपास. ही चूक नाही, हे पैसे तुमचेच. फक्त पहिल्या दोन महिन्यांचा पगार बघून घराचं भाडं ठरवू नका.

भारतातल्या कंपनीनेच डेप्युटेशनवर पाठवलं असेल तर मात्र ही चेकलिस्ट नाही. परदेशातल्या कंपनीने पाठवलेल्यांसाठी प्रश्न वेगळे असतात, त्यातही ए-बी-सी आहे पण अर्थ निराळा. तिथे कंपनीच्या मोबिलिटी टीमला लेखी विचारूनच भरा, मित्राच्या फॉर्मवरून उतरवू नका.

नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी) नंबर अजून आला नसला तरी काम करायचा हक्क दाखवून नोकरी सुरू करता येते, आणि नंबर नाही म्हणून ०टी लागत नाही. नंबर आला की पेरोलला लगेच द्या, नाहीतर एचएमआरसीच्या नोंदी जुळत नाहीत.

पायरी ३: पहिली पेस्लिप पैशांच्या आधी वाचा

पेस्लिपवर चार जागा शोधा: टॅक्स कोड, त्याची शेपटी (काही सॉफ्टवेअर ती कोडला चिकटवतात, काही 'वीक १/मंथ १' असं वेगळ्या चौकटीत लिहितात), टॅक्सेबल पे आणि टॅक्स. हिशोब ग्रॉसवर करू नका. एनएचएसची (इथल्या सरकारी आरोग्य सेवेची) पेन्शन किंवा तशीच दुसरी वर्गणी टॅक्सच्या आधी कापली जाते, म्हणून टॅक्सेबल पे ग्रॉसपेक्षा कमी असतो. पी४५ दिला असेल तर जुन्या नोकरीची कमाई आणि टॅक्स नव्या पेस्लिपवर किंवा पोर्टलवर कुठेतरी दिसायला हवा. दिसत नसेल तर पेरोलला एकच प्रश्न विचारा: "माझ्या पी४५चे आकडे नोंदवलेत का, आणि कोणता कोड लावलाय?" त्यांनीच नोंदवायचं राहिलं असेल तर ते पुढच्या महिन्यात दुरुस्त करू शकतात. एचएमआरसीकडून आलेला कोड असेल तर पायरी चार.

एक आणखी सापळा. जुन्या नोकरीत कंपनीची गाडी किंवा आरोग्य विमा होता, नव्या नोकरीत नाही, तरी तुमचा कोड ११७७एलच राहतो. एचएमआरसीला तो फायदा संपल्याचं कुणी सांगितलेलं नसतं आणि जुना कोड पी४५वरून पुढे जातो. नव्या ठिकाणी आणखी विमा मिळाला तर अलाउन्समधून दोन विमे वजा! कोड १२५७ च्या खाली असेल तर ही शक्यता आधी तपासा.

पायरी ४: एचएमआरसीला स्वतः सांगा

सरकारी संकेतस्थळावर पर्सनल टॅक्स अकाउंट उघडा किंवा एचएमआरसीचं अ‍ॅप घ्या. खातं उघडताना ओळख पटवायला पासपोर्ट आणि पेस्लिपमधली माहिती लागते. आत गेलात की पीएवायईच्या भागात या वर्षातल्या सगळ्या नोकऱ्या आणि प्रत्येकीचा कोड दिसतो. कोड कसा बनला तेही ओळीओळीने लिहिलेलं असतं: अलाउन्स इतका, विम्यापोटी इतके वजा, थकबाकीपोटी इतके. ग्रुपवर प्रश्न टाकण्याआधी हे पान बघितलं तर निम्म्या शंका तिथेच मिटतात.

जुनी नोकरी अजून 'चालू' दिसत असेल, तर जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख कळवलेली नाही. बीआरचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. ती नोकरी संपल्याचं तिथेच कळवा, वर्षाच्या कमाईचा अंदाज चुकीचा असेल तर तोही सुधारा आणि गेलेले फायदे काढून टाका. ऑनलाइन जमलं नाही तर इन्कम टॅक्सची हेल्पलाइन ०३०० २०० ३३००, सोमवार ते शुक्रवार. नॅशनल इन्शुरन्स नंबर, पी४५ आणि ताजी पेस्लिप समोर ठेवूनच फोन करा. रांगेत थांबावं लागतं, पण पलीकडचा माणूस बहुधा तिथल्या तिथे कोड बदलून कंपनीला पाठवतो.

तुम्ही काही केलं नाही तरी महिना-सव्वा महिन्यात कोड अनेकदा आपोआप सुधारतो, हे खरं. माझा सल्ला: पहिल्या पगारात नुसती शेपटी दिसली आणि कमाईत खंड नव्हता, तर एक महिना वाट बघा. बीआर किंवा ०टी दिसला तर वाट बघू नका.

पायरी ५: पैसे परत कसे येतात

करवर्ष चालू असताना कोड सुधारला आणि शेपटी गेली, की पुढच्याच पगारात वही नव्याने मांडली जाते आणि जास्त कापलेले पैसे पगारातच परत येतात. वेगळा अर्ज लागत नाही. ५ एप्रिल उलटून गेला असेल तर एचएमआरसी वर्षाचा हिशोब करून पी८०० नावाचं पत्र पाठवतं. त्यात परतावा कसा मागायचा ते लिहिलेलं असतं. नीट वाचा, कारण बऱ्याचदा तो स्वतःहून मागावा लागतो. ३१ मेपर्यंत कंपनीकडून पी६०, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि टॅक्सचा दाखला मिळतो, त्यावरच्या आकड्यांशी पत्र ताडून बघा.

नॅशनल इन्शुरन्सची गोष्ट वेगळी. ते प्रत्येक पगारावर स्वतंत्रपणे कापलं जातं, वार्षिक ५०,२७० च्या हिशोबापर्यंत ८ टक्के आणि वर २ टक्के, आणि टॅक्स कोडशी त्याचा संबंध नाही. दोन महिने घरी बसलात म्हणून त्यातलं काही परत येत नाही.

'तुमचा टॅक्स रिफंड तयार आहे, लिंक दाबा' असा एसएमएस आला तर तो भामट्यांचाच. नोकरी बदलण्याच्या दिवसांत माणूस परताव्याची वाट बघत असतो, म्हणून अशा मेसेजला जास्त फसतो. जाहिराती करणारे रिफंड एजंट बेकायदा नसतात, पण पंधरा मिनिटांच्या ऑनलाइन कामाचा मोठा वाटा कापून घेतात. ज्याला भारतात स्वतःचं रिटर्न भरता आलं, त्याला हे काम जड नाही.

तारीख ठरवणं हातात असेल तर एप्रिलच्या सुरुवातीला नोकरी बदला. जुन्या नोकरीचा शेवटचा पगार ५ एप्रिलच्या आत मिळाला आणि नवी त्यानंतर सुरू झाली, की मागच्या वर्षाचे आकडे पुढे न्यायचा प्रश्नच येत नाही.

आणि नोकरी सोडून थेट भारतातच परतणार असाल, तर नवा पेरोल नसल्यामुळे वही मांडणारं कुणी उरत नाही. ऑक्टोबरात गेलात तर उरलेल्या महिन्यांचा अलाउन्स तसाच पडून राहतो आणि पैसे परत मागायला पी८५ फॉर्म भरावा लागतो. त्यासाठी पी४५ हाताशी ठेवा, म्हणून तो कंटेनरच्या खोक्यात न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा. गडबडीत राहून गेलं तरी करवर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत मागता येतं: २०२३-२४ चा परतावा ५ एप्रिल २०२८ पर्यंत.